देवाची इच्छा आणि आपला रोजचा दिवस : संत जोसेफ वाझ यांच्या जीवनातून



'देवाची इच्छा' हे दोन शब्द आपल्या तोंडी नेहमी असतात. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ते सकाळ-संध्याकाळ उच्चारतो. पीक बुडाले, नोकरी गेली, घरात मयत झाली, की सांत्वनाला आलेली माणसेही हेच म्हणतात. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण असे म्हणता म्हणता या शब्दांचा अर्थ आपल्या मनात 'नशीब' एवढाच उरतो. जे वाट्याला आले ते मुकाट्याने सोसायचे आणि त्याला देवाची इच्छा म्हणायचे.

प्रभूच्या प्रार्थनेत मात्र आपण वेगळेच मागतो. देवाची इच्छा आम्हांला सोसता यावी असे आपण म्हणत नाही. ती या पृथ्वीवर पूर्ण व्हावी असे म्हणतो. पूर्ण व्हायची तर ती कोणीतरी करायला हवी, आणि करायला हात-पाय लागतात, वेळ लागतो, कधी पदरचे पैसेही लागतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मोठी मुले आम्हांला विचारतात, "देवाची इच्छा ओळखायची कशी?" पुण्या-बंगळूरची नोकरी धरायची की आईवडिलांजवळ राहायचे? आलेल्या स्थळाला हो म्हणायचे की थांबायचे? देव काही चिठ्ठी पाठवत नाही. या प्रश्नाला व्याख्येने उत्तर देण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्याकडे बोट दाखवावे असे आम्हांला वाटते. हा माणूस आपल्या शेजारचाच, गोव्याचा आहे. गोवा-दमण महाधर्मप्रांताचे ते आश्रयदाते संत आहेत आणि दर 16 जानेवारीला त्यांचा सण असतो. संत जोसेफ वाझ.

सांकवाळचा मुलगा

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी आजोळी, साष्टीतल्या बाणावलीला झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घर कोकणी बोलणारे, भाविक, पूर्वाश्रमीच्या ब्राह्मण कुळातले. मुलगा हुशार होता. गावात पोर्तुगीज शिकला, बाणावलीला लॅटिन शिकला, मग जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात आणि पुढे डॉमिनिकन संघाच्या विद्यालयात तत्त्वज्ञान व ईशज्ञानाचा अभ्यास केला. 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षेनंतर त्यांनी पायातली वहाण टाकली. गोरगरीब जसे अनवाणी चालत तसे तेही चालू लागले. सांकवाळला मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. प्रवचने, प्रायश्चित्त संस्कार, आजाऱ्यांच्या भेटी असा त्यांचा दिवस जाई. 5 ऑगस्ट 1677 रोजी त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरीयेचा कायमचा दास म्हणून वाहून घेतले. पुढच्या तेहतीस वर्षांत त्यांनी जे जे केले, त्याची गुरुकिल्ली या पत्रात आहे. दासाला आपले काम निवडता येत नाही, आणि काम आले की तो बसूनही राहत नाही.

मागितले सिलोन, मिळाला कॅनरा

त्या काळी सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, कॅथलिकांची अवस्था बिकट होती. डचांनी 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. डच कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलले, चर्च ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला घरात आसरा देणे हा मोठा गुन्हा ठरवला. हजारो कुटुंबे मिस्साविना राहिली. ही हकीकत गोव्यात पोहोचली तेव्हा तरुण फादर वाझ यांनी वरिष्ठांना विनंती केली, मला तिकडे पाठवा.

वरिष्ठांनी 1681 मध्ये त्यांना पाठवले ते कॅनऱ्यात, म्हणजे मंगळूर-गंगोळ्ळीच्या किनाऱ्यावर. हे काम नुसते दुय्यम नव्हते, अडचणीचेही होते. तिथल्या ख्रिस्ती लोकांवर अधिकार कोणाचा, यावर वाद पेटला होता. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या जुन्या हक्काने गोव्याचे आर्चबिशप अधिकार सांगत होते, तर रोमने नेमलेले बिशप आपला अधिकार सांगत होते. लोक दोन तटांत विभागले गेले होते. कोणाकडून संस्कार घ्यावेत, याचाच त्यांना संभ्रम होता.

हे भांडण फादर वाझ यांनी सुरू केले नव्हते आणि मिटवणेही त्यांच्या हातात नव्हते. त्यांच्या हातात जे होते ते त्यांनी केले. रोमच्या बिशपांची भेट घेतली, त्यांच्याशी आदराने बोलले आणि भांडणापायी लोकांचे संस्कार अडू नयेत म्हणून खटपट केली. पडकी चर्च उभी केली, शाळा काढल्या, भक्तिसंघ बांधले, गावोगाव पायी हिंडले. तीन वर्षे हेच चालले. मंगळूरजवळ मुडिपूला त्यांच्या स्मरणार्थ आजही यात्रेकरू जातात.

सिलोनची ओढ मनात कायम असताना त्यांनी ही तीन वर्षे 'वाट पाहण्याची वर्षे' म्हणून ढकलली नाहीत. समोर आलेले काम त्यांनी पुरे मन घालून केले. जे आपल्याला हवे आहे तेच देवाचे काम आणि जे समोर आहे ती अडगळ, अशी विभागणी आपण मनात सहज करून टाकतो. मोठ्या शहरातली नोकरी मिळेपर्यंत गावच्या शाळेत शिकवणारा शिक्षक मुलांना अर्ध्या मनाने शिकवतो. त्या मुलांसाठी मात्र ते वर्ष पुन्हा येणारे नसते.

दार उघडले, तेव्हा

1684 मध्ये ते गोव्यात परतले. त्या काळी गोव्यातल्या युरोपियन संन्यासी संघांत इथल्या भूमिपुत्र धर्मगुरूंना प्रवेश मिळत नसे. तेव्हा काही स्थानिक धर्मगुरू जुन्या गोव्यात चमत्कारांच्या पवित्र क्रूसाच्या चर्चजवळ एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू लागले होते. 1685 मध्ये फादर वाझ त्यांना मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या नियमावर चालणाऱ्या या ऑरेटरीची घडी त्यांनी बसवली. दाराबाहेर ठेवल्याचा राग धरून बसण्यापेक्षा या धर्मगुरूंनी स्वतःचे घर बांधले. पुढे शंभरावर वर्षे सिलोनला धर्मगुरू जात राहिले ते याच घरातून.

प्रमुखपद, मान, आपल्या माणसांची सोबत, सारे मिळाले होते. ते सोडून 1686 मध्ये फादर वाझ सिलोनच्या वाटेला लागले. जॉन नावाचा एक विश्वासू सेवक शेवटपर्यंत त्यांच्या बरोबर होता. तुतिकोरिनला पोहोचेपर्यंत फादर वाझ यांनी झगा उतरवून मजुराचा वेश घेतला होता. 1687 च्या ईस्टरच्या सुमारास ते गलबतात बसले आणि जाफन्याला उतरले.

उतरल्या उतरल्या त्यांना हगवणीने गाठले. मालक आणि सेवक दोघेही आजारी. संसर्गाच्या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर ठेवले. चरित्रकार सांगतात की एक बाई रोज त्यांना पेज आणून देत असे. ती पेज मिळाली नसती तर सिलोनच्या मिशनचा इतिहास तिथेच संपला असता. त्या बाईला समोरचा भिकारी कोण हे ठाऊक नव्हते. तिने भुकेल्याला पेज दिली एवढेच. देवाची इच्छा पूर्ण करणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव कुठे लिहिलेले नाही, पण तिचे स्थान आम्हांला फार वरचे वाटते.

ज्यांनी दिवा विझू दिला नाही

बरे झाल्यावर फादर वाझ दारोदार भीक मागत हिंडू लागले. गळ्यात जपमाळ अडकवलेली. तिच्याकडे कोण कसे पाहतो, यावरून ते कॅथलिक घर ओळखत. खात्री पटली की मग आपण धर्मगुरू आहोत असे सांगत. रात्री एखाद्या घरात गुपचूप मिस्सा होई, बाप्तिस्मे होत, लग्ने लागत, प्रायश्चित्तासाठी रांग लागे आणि पहाटेपूर्वी सारे पांगत. जाफन्याजवळचे सिल्लाले हे गाव त्यांचे ठाणे बनले.

इथे क्षणभर थांबू या. 1658 पासून 1687 पर्यंत जवळजवळ तीस वर्षे या लोकांमध्ये धर्मगुरू नव्हता. तरी जपमाळ ओळखणारी घरे उरली होती. कशी उरली? आईबापांनी मुलांना प्रार्थना तोंडपाठ करून दिल्या होत्या. आजीने नातवाला क्रूसाची खूण करायला शिकवले होते. दिवसा कामाला जाणारी, पदवी नसलेली, दीक्षा नसलेली ही माणसे होती. पुढे फादर वाझ यांनी हेच बळ ओळखून ठिकठिकाणी प्रापंचिक पुढारी नेमले. त्यांना 'मुप्पु' म्हणत. प्रार्थना चालवणाऱ्या आणि शिकवणाऱ्याला 'अण्णावी' म्हणत. धर्मगुरू वर्षातून एकदाच गावात येई. उरलेले दिवस ही माणसे रविवारी लोकांना जमवत, मुलांना शिकवत, मरणाऱ्याजवळ बसत आणि अडल्या वेळी बाप्तिस्माही देत. आम्हां धर्मशिक्षकांना अण्णावी हा शब्द वाचताना आपल्याच घराण्यातल्या पूर्वजाचे नाव सापडल्यासारखे वाटते.

याची किंमतही पडली. 1689 च्या नाताळच्या सुमारास डचांनी सिल्लालेत छापा घातला. फादर वाझ निसटले. जमलेल्या लोकांपैकी पुष्कळांना पकडले, काहींना फटके आणि सक्तमजुरीची शिक्षा झाली. संताचे चरित्र सांगताना आपण संत कसा वाचला ते सांगतो. दार उघडणाऱ्या घरांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. देवाची इच्छा करायला निघालेल्या माणसाचा भार पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी घरावर येतो. कुटुंबातला एक जण सेवेला बाहेर पडतो तेव्हा घरातली चूल, म्हातारी माणसे, मुलांचा अभ्यास कोणीतरी सांभाळत असते. तीही त्याच सेवेत असतात.

तुरुंग आणि देवी

यानंतर फादर वाझ डचांच्या मुलखातून कँडीच्या राज्यात गेले. तिथला राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. तिथे तरी मोकळेपणाने काम करता येईल अशी आशा होती. पण 1692 मध्ये ते कँडीला पोहोचले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर असल्याचा आरोप ठेवून त्यांना कैदेत टाकले.

कैदेत माणूस काय करतो? फादर वाझ सिंहली शिकले. तमिळ त्यांनी आधीच आत्मसात केली होती. पहारा सैल झाल्यावर त्यांनी झोपडीवजा छोटे देवघर उभे केले. तिथेच मिस्सा सुरू झाली आणि शहरातले कॅथलिक एकेक करून येऊ लागले. आमच्या सीमाभागात मराठी, कोकणी आणि कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात आणि भाषेवरून मनेही दुखावतात. म्हणून हा तपशील आम्हांला मोलाचा वाटतो. ज्यांनी कोंडले त्यांची भाषा या माणसाने आधी शिकून घेतली.

पुढे मोठा दुष्काळ पडला. राजाने पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले, फादर वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, असे परंपरा सांगते. राजाने त्यांना मोकळीक दिली. ही गोष्ट सर्वांना आवडते, प्रवचनांतही ती नेहमी येते. आम्हांला त्याहून मोठी वाटते ती 1697 ची गोष्ट.

त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. ज्यांना शक्य होते ते सारे पळाले. अंगावर फोड उठले की घरची माणसेच रोग्याला रानात नेऊन ठेवत. नेमक्या याच अर्थाने तिथेही कोणी म्हणाले असेल, नशीबच तसे. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो शहरातच राहिले. त्यांनी रोग्यांना शोधून आणले, त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, पेज शिजवली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हे पाहिले नाही. साथ महिनोन्महिने चालली. ओसरल्यावर राजाने उघडपणे उपकार मानले. कँडीच्या राज्यात या धर्मगुरूंना पुढे जे संरक्षण मिळाले, त्याच्या मुळाशी वादविवादातला विजय नव्हता, ही शुश्रूषा होती.

या ठिकाणी 'नशीब' आणि 'देवाची इच्छा' यांतला फरक लख्ख दिसतो. साथ ही देवाची इच्छा मानून फादर वाझ हात जोडून बसले नाहीत. साथीत सापडलेल्या माणसाजवळ जाणे, ही त्यांच्यासाठी देवाची इच्छा होती. आपल्याकडे नवरा दारू पिऊन मारहाण करतो, आणि बाईला सांगितले जाते की सोस, देवाची इच्छा. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला उशीर होतो आणि नंतर म्हटले जाते, देवाची इच्छा. असे म्हणणाऱ्यांनी प्रभू येशूकडे पाहावे. त्याने आजारी माणसाला कधीही 'असाच राहा' असे सांगितले नाही, त्याने हात पुढे केला. गेथशेमानीच्या बागेत त्याने पित्याची इच्छा स्वीकारली ती स्वतःच्या दुःखाबाबत. दुसऱ्याच्या दुःखावर पांघरूण घालायला त्याने ते शब्द वापरले नाहीत.

मान नको, काम हवे

गोव्याहून आणखी धर्मगुरू येत गेले आणि काम वाढले. 1705 मध्ये दिवाडीचे फादर जाकोमे गोन्साल्विस आले. सिंहली आणि तमिळमध्ये त्यांनी पुढे जी ग्रंथरचना केली, तिचे सिंहली साहित्यात मानाचे स्थान आहे. फादर वाझ यांना बिशप करावे असा विचार वरिष्ठांच्या पातळीवर झाला, तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला. थोर पद म्हणजे थोर सेवा, असा हिशेब त्यांनी केला नाही. पायी फिरणे, प्रार्थना शिकवणे, आजाऱ्यांजवळ बसणे हेच चालू ठेवले.

16 जानेवारी 1711 रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कँडीतच त्यांचे देहावसान झाले. सिलोनला आल्यापासून चोवीस वर्षे झाली होती. या काळात ते एकदाही गोव्याला परतले नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 21 जानेवारी 1995 रोजी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद दिले.

आपल्यासाठी

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. देवाची इच्छा ओळखायची कशी? या जीवनातून आम्हांला चार गोष्टी दिसतात.

पहिली, आज समोर असलेले काम आधी. पुढचे दार उघडेपर्यंत हातातले कर्तव्य हीच देवाची इच्छा धरावी. कॅनऱ्यात मन लावून काम करणारा माणूसच सिलोनला टिकला.

दुसरी, मनातली ओढ दडपायची नाही आणि तिला हट्टही करायचे नाही. फादर वाझ यांनी सिलोन मागितले, नकार स्वीकारला, पण ओढ विसरले नाहीत. चांगली इच्छा प्रार्थनेत ठेवावी, जाणत्यांना सांगावी, वेळ द्यावा. ती देवाची असेल तर वाट पाहण्याने सुकत नाही.

तिसरी, शंका आली की दुर्बलाकडे पाहावे. या निर्णयाने घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत दुबळ्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न विचारावा. नोकरीचा निर्णय असो, जमिनीचा असो की लग्नाचा, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दिले की निम्मा गोंधळ मिटतो.

चौथी, हे एकट्याने होत नाही. पेज देणारी बाई, दार उघडणारी घरे, अण्णावी, मुप्पु, सेवक जॉन आणि गोव्याहून आलेले सहकारी, इतक्या सर्वांनी मिळून ते काम झाले. म्हणून निर्णय घेताना आपल्या माणसांशी बोलावे, आणि दुसऱ्याच्या सेवेचा भार थोडा आपणही उचलावा.

या आठवड्यात प्रत्येकाने रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे काढून पाहावीत. आज देवाने माझ्या दारात कोणाला पाठवले, आणि मी त्याला काय दिले? उत्तर एका वाटीभर पेजेइतके छोटे असले तरी चालेल. उद्याची सुरुवात तिथूनच करता येईल.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, संत जोसेफ वाझ यांना तू अनवाणी चालवलेस आणि सांभाळलेस. आमच्या घरांत, शेतांत, शाळांत आणि कचेऱ्यांत तुझी इच्छा ओळखायला आम्हांला डोळे दे, ती करायला हात दे, आणि वाट पाहावी लागेल तेव्हा धीर दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.